घाटात चालवलेल्याला आल्प्सचं काय सांगता!

यंदाच्या सुट्टीत तुम्ही युरोपात जाणार आणि तिथे भाड्याची गाडी घेऊन स्वतःच चालवणार, असं कानावर आलं. उत्तम निर्णय. छत्री उंच धरलेल्या टूर मॅनेजरच्या मागे मेंढरांसारखं फिरण्यापेक्षा हे केव्हाही बरं. आता चार जण सांगतील, तिथले वाहतुकीचे नियम वाचून जा. अजिबात वाचू नका. ज्याने डिसेंबरातल्या रात्री, मागे एकही दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या चुकवत कोल्हापूर गाठलंय, त्याला स्विस माणसाने गाडी शिकवायची म्हणजे पोहणाऱ्याला बादलीत उतरवण्यातला प्रकार.

मी गेल्या जूनमध्ये जाऊन आलोय. तेव्हा अनुभवाचे चार शब्द ऐकून घ्या.

सुरुवात कागदांपासून. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओत मिळतो, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार हा कागद निघतो, आणि मुळात तो आपल्या लायसनचं भाषांतर असतो. म्हणजे सोबत मूळ लायसन नसेल तर त्याची किंमत शून्य. तरी मूळ लायसन घरीच ठेवा, परदेशात हरवलं तर केवढ्याला पडेल! किंवा उलटं करा, परवाना काढूच नका. आपलं लायसन इंग्रजीत असतं, त्यांना काय इंग्रजी वाचता येत नाही? इटलीत आणि ऑस्ट्रियात लायसनबरोबर परवाना मागतात खरा, पण मागितल्यावर बघू. पोलिसांनी अडवेपर्यंत कागद पूर्णच असतात, हे आपलं जुनं तत्त्व आहे.

मग सामान. फ्रान्समध्ये गाडीत धोक्याचा त्रिकोण आणि चकाकणारं जाकीट हवंच, नसेल तर १३५ युरो दंड. शिवाय जाकीट हाताशी हवं, कारण ते चढवून मगच बंद गाडीतून खाली उतरायचं असतं. तुम्ही मात्र ते डिकीत, चार बॅगा आणि लाडवांच्या डब्याच्या खाली, नीट घडी घालून ठेवा. जर्मनीत त्रिकोण आणि जाकीट आहेच, वर प्रथमोपचाराची पेटी, आणि पेटीत काय काय असावं याचं वेगळं जर्मन मानक, डिन १३१६४. २०२२ पासून त्या यादीत दोन मास्कही आले. आता बोला! पेटी आणि त्रिकोण आपल्याकडेही नव्या गाडीबरोबर येतात की. माझ्या पेटीतला कापूस हिने पहिल्याच दिवाळीत वातींना वापरला. त्रिकोण अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. उघडला तर जुना दिसेल.

खरं तर त्रिकोणाची गरजच काय? गाडी बंद पडली की मागे चार दगड मांडायचे आणि करंजाची एक फांदी तोडून टाकायची. लांबून दिसते, फुकट असते, आणि गाडी सुरू झाल्यावर दगड तिथेच सोडून जाता येतं, पुढच्याला उपयोगी पडतात. स्वित्झर्लंडच्या हायवेवर मी पाहिलं, मैलोन्‌मैल एक दगड नाही. असला देश त्रिकोणच विकणार.

फ्रेंचांबद्दल मात्र माझं मत पुढे बदललं. त्यांनी २०१२ साली कायदा केला की प्रत्येक गाडीत दारू तपासायची फुंकनळी हवी. नसेल तर ११ युरो दंड. हा दंड लागू व्हायच्या आधीच, २०१३ मध्ये, बेमुदत पुढे ढकलला. कायदा तसाच राहिला आणि २०२० साली गुपचूप काढून टाकला. म्हणजे सात-आठ वर्षं कायदा आहे आणि दंड नाही! हे वाचून माझा ऊर भरून आला. ही माणसं आपल्यातलीच आहेत. ज्यांनी भाबडेपणाने नळ्या विकत घेतल्या, त्यांच्यासाठी दोन मिनिटं शांत उभा राहिलो. (तोच भरवसा धरून वेग टिपणारे कॅमेरे हुडकणारं यंत्र मात्र नेऊ नका. त्याला १५०० युरोपर्यंत दंड आहे आणि तो कुणीही पुढे ढकललेला नाही.)

आता प्रत्यक्ष गाडी. विमानतळावर किल्ली हातात आली की सराव वगैरे न करता थेट निघा. स्टिअरिंग डावीकडे असतं, एवढाच फरक. माझ्या इथल्या गाडीत इंडिकेटरची दांडी उजवीकडे आहे, तिथल्या गाडीत ती डावीकडे निघाली. त्यामुळे पहिल्या चौकात उजवीकडे वळताना मी नेहमीच्या हाताने नेहमीची दांडी दाबली आणि लख्ख उन्हात कोरड्या काचेवर वायपर कर्र-कर्र सुरू झाले. ही म्हणाली, "अहो, पाऊस कुठाय?" मी म्हटलं, येईल. गिअर बदलायला डावा हात गेला तो दारावर आपटला आणि काच खाली आली. मागची काळी गाडी शांतपणे थांबून राहिली, हॉर्न नाही, काही नाही. इतका वेळ मागच्याने हॉर्न दिला नाही की आपल्या माणसाला वाटतं, मागे कुणी नाहीच. मी सावकाश वळलो. वायपर पार स्वित्झर्लंडातल्या लुगानो शहरापर्यंत चालू होते.

स्वित्झर्लंडमध्ये २०१४ पासून भर दिवसाही गाडीचे दिवे लावायची सक्ती आहे. हे मला नंतर कळलं. तोवर मी समोरून येणाऱ्या प्रत्येकाला, आपण करतो तशी, हाताची बोटं मिटून-उघडून "दिवा चालू राहिलाय" अशी खूण करत होतो. काहींनी हात हलवून नमस्कार केला. लोक प्रेमळ आहेत.

तिथल्या हायवेचा टोल म्हणजे एक छोटा स्टिकर, किंमत ४० फ्रँक, चालतो १ डिसेंबर ते पुढच्या वर्षानंतरच्या ३१ जानेवारीपर्यंत, चौदा महिने. एका दिवसाचा मिळत नाही, दुपारी शिरून संध्याकाळी बाहेर पडलात तरी चौदा महिन्यांचाच घ्यायचा. साहजिकच मराठी मन विचार करतं, की हा काचेवर चिकटवण्यापेक्षा सेलोटेपने लावावा, म्हणजे उरलेले महिने साडूच्या कामाला येईल. हरकत नाही. चिकटवला नाही तर तो नसल्यातच जमा, आणि दंड २०० फ्रँक अधिक नवा स्टिकर, पण साडूसाठी माणूस एवढं करतोच. २०२३ पासून गाडीच्या नंबरवर चालणारा इंटरनेटवरचा स्टिकरही निघालाय. त्याला सेलोटेप लागत नाही, म्हणून मला तो पटत नाही.

सगळ्यांत महत्त्वाचं, डोंगरातला रस्ता. तिथे पिवळ्या पोस्टाच्या बस धावतात. निळ्या पाटीवर पिवळं शिंग दिसलं की समजायचं, या रस्त्यावर मान त्या बसचा, आणि ड्रायव्हर सांगेल तसं मागेपुढे व्हायचं, कायद्यानेच. वळणाआधी बस तीन सुरांचा हॉर्न देते, रॉसिनीच्या 'विल्यम टेल' ऑपेराच्या सुरुवातीच्या संगीतातले सूर आहेत म्हणे. तुम्ही हे काहीही लक्षात ठेवू नका. माझं झालं ते असं: आंधळ्या वळणापलीकडून ते तीन सूर आले आणि मला वाटलं, हा आव्हान देतोय. आंबा घाटात वाढलेला माणूस आव्हान सोडत नाही. मी दाबून हॉर्न दिला आणि शिरलो. समोर भिंतीएवढं पिवळं तोंड. उजवीकडे कडा, डावीकडे दरी, आणि बसचा आरसा माझ्या काचेपासून चार बोटांवर.

मी नेहमीप्रमाणे काच खाली करून "घे की मागे" असं हाताने सांगितलं. ड्रायव्हर चिडला नाही, की खाली उतरला नाही. त्याने स्टिअरिंगवरची दोन बोटं फक्त उचलली आणि मागच्या दिशेला दाखवली. पुढे काही नाही. मी वाट बघितली. तोही बघत होता, आणि त्याच्याकडे पगारी वेळ होता. शेवटी ही उतरली, पदर खोचला आणि माझ्या मागे जाऊन "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या, बास्स" म्हणत मला दोनशे फूट उताराला नेलं. बसमधल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. चढणाऱ्याला आधी वाट द्यावी हा नियम आपल्याही पुस्तकात आहे, असा मुद्दा मी मांडणार होतो, पण पोस्टाच्या बसपुढे तो तिथे चालत नाही आणि आपल्याकडे चालल्याचं मी पाहिलेलं नाही.

जर्मनी-ऑस्ट्रियातल्या हायवेवर आणखी एक सोय आहे. कोंडी झाली की डाव्या लेनवाले डावीकडे सरकतात, बाकीचे उजवीकडे, आणि मधे लांबच लांब मोकळी गल्ली तयार होते. रुग्णवाहिकेसाठी, म्हणे, आणि रुग्णवाहिका यायच्या आधीच! मोकळी जागा बघून आपला हात गिअरवर जाणारच, जाऊ द्या. माझा गेला होता, पण तेवढ्यात शेजारच्या ट्रकवाल्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. तो साधारण आपल्या दाराएवढा होता.

वेगाचं फार मनावर घेऊ नका. फक्त फिनलंडला गेलात तर दंड कमाईवर ठरतो. २०२३ मध्ये ५० च्या जागी ८२ ने गेलेल्या एका धनाढ्य गृहस्थाला १ लाख २१ हजार युरो भरावे लागले. पगारदार माणसाला पहिल्यांदाच कुठेतरी स्वस्तात जगता येईल.

आणि इटली. इटलीतल्या जुन्या शहरांच्या गाभ्यात बाहेरच्यांच्या गाड्यांना बंदी असते, वेशीवर कॅमेरा आणि विजेची पाटी. पाटीवर लिहिलेलं असतं, 'वार्को अत्तिवो'. आपल्याला संस्कृतचं अंग असल्यामुळे अर्थ लागायला वेळ लागत नाही: दार चालू आहे, या. प्रत्यक्षात चालू असतो तो कॅमेरा. आत यायचं ते 'नॉन अत्तिवो' असेल तेव्हा. टस्कनीतल्या एका गावात मी हॉटेल शोधत त्या वेशीतून गेलो, चुकलं म्हणून फिरून पुन्हा गेलो, आणि पार्किंग मिळेना म्हणून तिसऱ्यांदा. कुणी शिट्टी मारली नाही, मामा आडवा आला नाही, पावती फाडली नाही. मी हिला म्हटलंसुद्धा, बघ, उगाच घाबरवतात लोक.

पहिलं पाकीट नोव्हेंबरात आलं. त्याआधी गाडी भाड्याने देणाऱ्यांनी माझं नाव-पत्ता तिकडे कळवण्याचा आकार कार्डावरून परस्पर वळता करून घेतला होता. दुसरं पाकीट जानेवारीत आलं, तिसरं होळीला. प्रत्येक फेरीचा दंड वेगळा. परदेशातल्या माणसाला नोटीस धाडायला त्यांच्या कायद्याने ३६० दिवस दिलेत, आणि माझ्या हिशेबाने त्यातले एकोणीस उरलेत. मेहुणा म्हणतो, दिवस मोजायचे ते कंपनीने नाव कळवल्यापासून. मेहुण्याचं मी ऐकत नाही.

फेऱ्या तीनच होत्या, हे मी ठामपणे सांगतो. ही म्हणते चार, रात्री आईस्क्रीमसाठी पुन्हा आत गेलो होतो. म्हणून तूर्त वॉचमनला सांगून ठेवलंय, पोस्टमन आला तर साहेब गावाला गेलेत म्हणायचं.