लोगो फिरता ठेवा, बातमीचं नंतर बघू

पत्रकारितेचा अभ्यासक्रम कोणताही असो, बीएएमएमसी ही माध्यमांची पदवी असो नाहीतर वर्षभराची पदविका, एखाद्या सत्रात हे काम गळ्यात पडतंच: वृत्तसंकेतस्थळ डिझाइन करा, त्याचा लोगो बनवा आणि प्रक्रियेची वही जोडा. मुदत दोन महिन्यांची असते, म्हणजे शेवटचे चार दिवस. तेवढे पुरतात. फक्त क्रम चुकू देऊ नका. आधी लोगो, मग साईट, मग संशोधन, आणि जागा उरलीच तर बातमी.

नावावर वेळ घालवू नका. ‘लोक’, ‘जन’, ‘महा’ यांतलं एक उचला, त्याला ‘वार्ता’, ‘दूत’ किंवा ‘मंथन’ जोडा आणि शेपटीला ‘२४’ नाहीतर ‘लाईव्ह’ लावा. दोन्ही लावलं तर सोन्याहून पिवळं. साईटवर एकूण बातम्या सहा आणि त्या सहाही एकाच रात्री चढवलेल्या, तरी चोवीस तासांचा दावा करायला कोणाची हरकत नसते. डोमेन मोकळं आहे का, त्याच नावाचं यूट्यूब चॅनल कुठे चालू आहे का, असल्या चौकशा करत बसलात तर नाव बदलावं लागेल. मग लोगो पुन्हा. घोषवाक्य ठरलेलंच आहे: ‘निर्भीड, निःपक्ष, सडेतोड’. ते नावाखाली इतकं बारीक घाला की मोबाइलवर ती शिरोरेखेची दुसरी ओळ वाटली पाहिजे.

आता लोगो. वृत्तसंस्थेच्या लोगोत चार गोष्टी लागतात: पृथ्वीचा गोळा, पेनाची निब, माईक आणि सिग्नलच्या लहरी. चारही घाला. एक गाळलं तर तुम्ही मीडियाचे विद्यार्थी आहात हे कसं कळणार? वजन आणायचं असेल तर वर चार सिंहांची राजमुद्रा ठेवा. राजमुद्रेच्या गैरवापराला मनाई करणारा २००५ चा केंद्रीय कायदा आहे खरा, पण ‘प्रेस’ लिहिलेल्या किती गाड्यांवर ती दिसते ते बघा आणि निश्चिंत राहा. गोळ्यावर भारताचा नकाशा हवाच. गूगलवर पहिला सापडेल तो चिकटवा. त्यात काश्मीरची सीमा कशी दाखवलीय हे सरांच्या लक्षात येईपर्यंत तुमचं सादरीकरण निम्म्यावर आलेलं असेल.

हे सगळं फोटोशॉपमध्ये करा. इलस्ट्रेटर, कोरल किंवा फुकटचं इंकस्केप वापरलंत तर लोगो व्हेक्टर होतो, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांचा बनतो, कितीही मोठा केला तरी फाटत नाही आणि मग बॅनरवर तो फुटलेला बघण्याची मजा निघून जाते. ५०० पिक्सेलची जेपीईजी बनवा. जेपीईजीला पारदर्शक पार्श्वभूमी नसते, त्यामुळे साईटच्या गडद निळ्या पट्टीवर लोगोभोवती पांढरा चौकोन येईल. त्याला वहीत ‘जाणीवपूर्वक ठेवलेली मोकळी जागा’ म्हणा. बेव्हल, एम्बॉस, पडछाया, बाहेरची चमक, सगळे इफेक्ट लावा. तो एका रंगात छापून बघू नका. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये चमक आणि सावली एक होऊन माईकचा वांग्यासारखा गोळा होतो.

बीबीसीच्या तीन चौकोनांकडे चुकूनही बघू नका. १९९७ मध्ये त्यांनी आधीचे तिरके चौकोन सरळ केले आणि खालच्या रंगीत रेघा काढून टाकल्या. तिरक्या कडा पडद्यावर करवतीसारख्या दातेरी दिसत होत्या आणि रंगीत छपाईचा खर्चही होताच. न्यूयॉर्क टाइम्सनं तर १९६७ मध्ये शीर्षकातला नुसता पूर्णविराम काढला. म्हणजे हे लोक वर्षानुवर्षं बसून लोगोतून वस्तू काढतात. अशानं वहीची पानं कशी भरणार?

देवनागरी अक्षरांचं मात्र खास शास्त्र आहे. फोटोशॉपची जुनी आवृत्ती घ्या. तिच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘टाइप’खाली ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ नावाचा पर्याय असतो, त्याहून जुन्या आवृत्त्यांत त्यालाच ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ म्हणत. तो निवडल्याशिवाय जोडाक्षरं जुळत नाहीत. तुम्ही निवडू नका. मग ‘निर्भीड’ लिहिल्यावर पहिली वेलांटी ‘न’च्या डावीकडे न जाता उजवीकडे जाऊन उभी राहते, रफार ‘भी’च्या डोक्यावर न चढता ‘र’च रांगेत बसतो, पायाला हलन्ताची शेपटी लावून. असा लोगो छापून, लॅमिनेट करून, वर्गाच्या दारावर लागल्यावरच कोणीतरी तो मोठ्यानं वाचतं. अक्षरं ऐसपैस दिसावीत म्हणून त्यांच्यामधलं अंतरही वाढवा. रोमन लिपीत हे शोभतं म्हणजे आपल्याकडेही शोभणारच. शिरोरेखा प्रत्येक अक्षरापाशी तुटेल आणि नाव दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांचं दिसेल.

फाँट निवडताना घरच्या संगणकावरचा एखादा जुना बिगर-युनिकोड फाँट घ्या, इंग्रजी मुळाक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेला, श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या काळातला. तुमच्या लॅपटॉपवर अक्षर न् अक्षर सुबक दिसेल, कारण फाँट तुमच्याकडे आहे. परीक्षकांच्या संगणकावर तो नसतो. तिथे अग्रलेखाच्या जागी इंग्रजी मुळाक्षरांची आणि कंसांची खिचडी उमटेल, आणि गूगललाही ती तशीच दिसेल, म्हणजे शोधात तुमची बातमी कधीच सापडायची नाही. बदनामीचा दावा लागण्याची भीतीच संपली. मुक्त, बालू, नोटो सॅन्स देवनागरी असे युनिकोड फाँट फुकट मिळतात आणि साईटसोबत पाठवताही येतात, पण फुकटच्या गोष्टीची आपल्याला किंमत नसते. पानाच्या कोडमध्ये भाषा ‘मराठी’ असल्याची खूणही घालू नका. ती घातली की, ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. साईटच्या तयार साच्यात, म्हणजे टेम्पलेटमध्ये, आधीपासून ‘इंग्रजी’ लिहिलेलं असतं, ते तसंच राहू द्या. दोन ओळींमधलं अंतरही साच्यातलंच ठेवा, अक्षराच्या आकाराच्या १.२ पट वगैरे. देवनागरीला दीडपट तरी लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत शिरतो. शिरू द्या. मजकूर दोन्ही कडांना जुळवलात की मोबाइलच्या अरुंद स्तंभात शब्दांच्या मधोमध पांढरे ओढे वाहू लागतात. पान हवेशीर वाटतं.

मुखपृष्ठाचा आराखडा आधी कागदावर काढावा असं वहीच्या सूचनांत लिहिलेलं असतं. शहाणे विद्यार्थी साईट तयार झाल्यावर तिचा स्क्रीनशॉट समोर ठेवून पेन्सिलीनं आराखडा काढतात. तो हुबेहूब जुळतो, एकही चौकोन इकडचा तिकडे नसतो, म्हणून दोन ठिकाणी खाडाखोड करा आणि कोपऱ्यात चहाचा डाग पाडा. ‘पहिला’, ‘दुसरा’ आणि ‘अंतिम’ असे तीन आराखडे एकाच संध्याकाळी एकाच पेन्सिलीनं काढले की प्रक्रिया पूर्ण.

आराखड्यात सगळ्यात वर स्लायडर, म्हणजे आपोआप सरकणारी चित्रं. पाच छायाचित्रं, प्रत्येक तीन सेकंद. मथळा बारा शब्दांचा ठेवा, म्हणजे वाचक नवव्या शब्दावर असताना चित्र सरकेल आणि तो पुढच्या फेरीपर्यंत थांबेल. यालाच वाचकाला खिळवून ठेवणं म्हणतात. छायाचित्रं मोबाइलमधून निघाली तशीच चढवा, ४००० बाय ३००० पिक्सेलची, प्रत्येकी चार-पाच एमबी. ती १२०० पिक्सेल रुंद करून वेबपी किंवा जेपीईजीत दाबली तर साधारण दीडशे केबीत मावतात आणि डोळ्याला फरक कळत नाही. मग कशाला दाबायची? पानातला सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांत दिसावा असं गूगलचं म्हणणं आहे. गूगलनं कॉलेजचं वायफाय पाहिलेलं नाही. चित्रांच्या जागेची लांबी-रुंदी आधी सांगून ठेवू नका, म्हणजे चित्र उशिरा उतरल्यावर खालचा मजकूर खाडकन सरकेल आणि वाचकाचं बोट बातमीऐवजी जाहिरातीवर पडेल. तुमच्याकडे जाहिराती नसतात, म्हणून ७२८ बाय ९० आणि ३०० बाय २५० चे करडे चौकोन काढून त्यात ‘जाहिरात’ असं लिहा. साईटवरचा तेवढाच एक विभाग वेळेत पूर्ण होतो.

स्लायडरखाली ब्रेकिंगची पट्टी. त्यासाठी ‘मार्की’ हा अक्षरं सरकवणारा टॅग आहे. एचटीएमएल-५ नं तो बाद ठरवला असला तरी ब्राउझर अजून त्याला भाव देतात. शुद्ध लाल पट्टी, वर पिवळी अक्षरं. मथळेही शुद्ध लाल. पांढऱ्यावर शुद्ध लालचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातली तफावत, ४ ला १ च्या आसपास येतो आणि साध्या मजकुराला सुलभतेच्या निकषांप्रमाणे ४.५ ला १ लागतो. लाल जरासा गडद केला की काम भागतं, पण मग तो टीव्हीवरच्यासारखा ओरडत नाही.

मेनूत चौदा विभाग हवेत. महाराष्ट्र, देश, विदेश, क्रीडा, अर्थ, मनोरंजन, कृषी, आरोग्य, राशिभविष्य आणि पुढे सुचतील ते. बातम्या सहा असल्यानं आठ विभाग रिकामे राहतील. ‘विदेश’वर क्लिक केलं की ‘काहीही सापडले नाही’ असं येईल. मोबाइलवर हा मेनू तीन ओळींत मोडून पहिला अख्खा पडदा व्यापेल. मोबाइलवर तपासूच नका. वाचक मोबाइलवर असतो, परीक्षक प्रोजेक्टरवर.

शीर्षपट्टीत आजची तारीख आपोआप बदलती ठेवा. बातम्यांवर तारीख, वेळ, वार्ताहराचं नाव, गाव यांपैकी काहीही टाकू नका. त्यामुळे वर रोज ताजी तारीख आणि खाली कायम ‘काल रात्री झालेल्या मुसळधार पावसात’, मे महिन्यातही. दुरुस्ती छापण्याची जागा, संपादकाचं नाव, पत्ता हे तळपट्टीत येतं. तिथे साच्याच्या कंपनीचं नाव आणि २०१९ चा कॉपीराइट असतोच. छापील वृत्तपत्राच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक, पत्ता अशी जी कंटाळवाणी ओळ असते, ती १८६७ च्या कायद्यानं आली. डिजिटल वृत्तप्रकाशकानं तक्रार निवारण अधिकारी नेमावा आणि त्यानं १५ दिवसांत निर्णय द्यावा, असं २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत लिहिलं आहे. तुमच्याबद्दल तक्रार करायला आधी कोणीतरी वाचायला हवं.

राहता राहिली बातमी. दुसऱ्या साईटवरून आणा, पहिलं वाक्य शेवटी न्या. सोबतच्या छायाचित्रावरची वृत्तसंस्थेची पुसट खूण कातरा. ती बरोबर मधोमध असते, त्यामुळे मंत्र्यांचे फक्त कान उरतात. आपल्याच कॉलेजसमोर रस्ता खणून ठेवलाय, ठेकेदाराचा फलक तिथेच उभा आहे, काम कधी संपणार हे महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात विचारता येतं. पण तिथे जायचं म्हणजे उठावं लागतं.

वहीचं पहिलं प्रकरण मात्र भरघोस हवं. ६ जानेवारी १८३२, मुंबई, बाळशास्त्री जांभेकर, ‘दर्पण’. दुसऱ्या परिच्छेदात १८८१ आणि ‘केसरी’. तिसऱ्यात थेट फेसबुक. मधल्या सव्वाशे वर्षांत महाराष्ट्रात काही छापून आल्याची नोंद विद्यार्थ्यांच्या वह्यांत आढळत नाही. मग सर्वेक्षण: वर्गातल्या वीस जणांना गूगल फॉर्म पाठवा आणि ‘७३.६ टक्के वाचकांना लाल रंग विश्वासार्ह वाटला’ असा निष्कर्ष काढा. वीस जणांत एक माणूस म्हणजे ५ टक्के, तेव्हा उत्तर ७० येईल किंवा ७५. मधलं ३.६ नेमकं कोणाचं, हे विचारणारा परीक्षक विरळा. भेटलाच तर बाहेरून आलेला असतो.

साईट जमा करताना दुवा देऊ नका, पेनड्राइव्ह द्या. चित्रांचे पत्ते तुमच्या डेस्कटॉपवरच्या फोल्डरचे असतात, त्यामुळे दुसऱ्या संगणकावर प्रत्येक चित्राच्या जागी फाटक्या कागदाची चिमुकली खूण दिसेल. दुवा द्यावाच लागला तर लोगोच्या फाइलच्या नावात कुठेतरी कॅपिटल अक्षर ठेवा आणि कोडमध्ये तेच स्मॉल लिहा. विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सच्या सर्व्हरला पडतो. घरी दिसणारा लोगो वर चढवताच गायब होतो आणि दोष होस्टिंगवर ढकलता येतो. ब्राउझरच्या टॅबवरची खूण राहिली असेल तर तोच लोगो आकसून लावा. १६ बाय १६ म्हणजे २५६ ठिपके. त्यात पृथ्वी, निब, माईक, लहरी आणि सिंह आपापसात वाटून घेतील.

तोंडी परीक्षेत ‘हाच रंग का?’ असं विचारतील. लाल म्हणजे ऊर्जा, निळा म्हणजे विश्वास, पांढरा म्हणजे पारदर्शकता. तिन्ही उत्तरं पाठ ठेवा, रंग कुठलाही असला तरी चालतात. ‘वाचक कोण?’ याला ‘१८ ते ६० वयोगट’ म्हणा, कोणी सुटत नाही. आणि ‘यातली कुठली बातमी वाचू?’ असं विचारलंच, तर स्लायडरकडे बोट दाखवा. तेवढ्यात ती सरकलेली असेल.