‘ओळखीच्याचा मेल आहे ना, मग उघडा बिनधास्त’ : फिरत्या मेसेजला उत्तर

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या आणि वागळे इस्टेटमधल्या कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: व्हायरसचा बागुलबुवा अँटीव्हायरस विकणाऱ्यांनी उभा केलाय. मेल ओळखीच्याकडून आलाय, फाइल पीडीएफ किंवा वर्डची आहे, वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसतंय, साइट नावाजलेली आहे. मग बिनधास्त क्लिक करा. शिवाय साध्या माणसाकडे चोरण्यासारखं असतंच काय?

वागळे इस्टेट आणि नौपाड्यातल्या छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम. हा मेसेज ज्यांना पटतोय, त्यांच्याच टेबलावर दिवसभर बाहेरून कोटेशन, चलान, बिलं येत असतात. म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी त्यातलं खरं आहे ते मान्य करतो. मेल नुसता उघडून वाचला की कॉम्प्युटर गेलाच, ही भीती आता बरीचशी जुनी झाली. अपडेट केलेल्या जीमेल किंवा आउटलुकमध्ये मजकूर वाचल्याने सहसा काही होत नाही. धोका त्यापुढच्या क्लिकमध्ये असतो, आणि हा मेसेज नेमका तोच क्लिक बिनधास्त करायला सांगतो.

‘ओळखीच्याकडून आलाय’ हा त्यातला सगळ्यात घातक मुद्दा. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा व्हायरस जगभर पसरला तो ओळखीच्याच जोरावर. अटॅचमेंट उघडली की तो त्या माणसाच्या आउटलुकमधल्या सगळ्या पत्त्यांवर स्वतःची प्रत पाठवायचा, म्हणजे पुढच्या प्रत्येकाला तो मित्राकडून नाहीतर सहकाऱ्याकडूनच मिळायचा. पुढे ‘इमोटेट’ नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक सॉफ्टवेअरने, ही चाल आणखी पक्की केली. ते लागण झालेल्या कॉम्प्युटरवरचे जुने मेल उचलायचं आणि चालू संवादाखालीच उत्तर धाडायचं. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याची यंत्रणा ताब्यात घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते पुन्हा सुरू झालं.

आमच्याकडे हे कसं दिसतं ते सांगतो. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये अकाउंट्स बघणाऱ्या मॅडमना रबाळ्याच्या नेहमीच्या सप्लायरचा मेल आला. विषय तोच जुना, खाली दोघांचं आधीचं बोलणं जसंच्या तसं, वर एकच ओळ: ‘रिवाइज्ड कोटेशन जोडलंय, पासवर्ड खाली दिलाय.’ सोबत झिप फाइल. मॅडमना तो पासवर्ड खटकला, कारण या सप्लायरने आजवर कधी कोटेशनला पासवर्ड लावला नव्हता. त्यांनी फोन लावला. “साहेब, रिवाइज्ड कोटेशन तुम्हीच पाठवलंत का?” पलीकडून उत्तर आलं, “नाही हो मॅडम, उघडू नका. सकाळपासून सगळ्यांचे हेच विचारणारे फोन येतायत.” झिपला पासवर्ड असला की मेल तपासणाऱ्या यंत्रणेला आतली फाइल तपासता येत नाही, म्हणून तो लावलेला असतो. फसवणूक पकडली ती त्या फोनने. फोनही नेहमीच्या नंबरवर करायचा. मेलमध्ये दिलेला नंबर चोराचाच असू शकतो.

‘पीडीएफ आणि वर्ड फाइल निर्धोक असतात’ हा दुसरा मुद्दा. मुळात ती फाइल पीडीएफ आहे हे कशावरून ठरवलं? विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट आपण होऊन लपवतं. ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ (ईएक्सई म्हणजे चालणारा प्रोग्रॅम) हे नाव पडद्यावर ‘बिल.पीडीएफ’ एवढंच दिसतं, आणि चित्र पीडीएफचं लावणं अगदी सोपं. ‘आय लव्ह यू’च्या फाइलनेही हेच केलं होतं. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ आजच चालू करा. वर्डबद्दल सांगायचं तर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो, म्हणजे आत दडवलेल्या छोट्या आज्ञा, आपोआप अडवायला सुरुवात केली. त्यावर चोरांनी शॉर्टकट, डिस्क इमेज आणि वननोटच्या फाइल पाठवायला घेतल्या. त्याच वर्षी मे महिन्यात उघड झालेल्या, विंडोजमधल्या ‘फोलिना’ या त्रुटीचा वर्ड फाइलमधून फायदा घ्यायला तर मॅक्रोचीही गरज नव्हती. ती जूनच्या अपडेटने बुजवली गेली, पण अपडेट पुढे ढकलणाऱ्या मशीनवर ती तशीच उघडी राहिली.

कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमच्यात आणि त्या साइटमध्ये जे बोलणं चाललंय ते वाटेत कुणाला वाचता येत नाही. पलीकडे बँक बसलीय की भामटा, हे कुलूप सांगत नाही. ज्या प्रमाणपत्रामुळे हे कुलूप दिसतं, ते २०१५ पासून कुणालाही फुकट मिळतं, भामट्यालाही. लोक कुलपाला विश्वासाची खूण समजतात हे पाहून गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोममधून ते चिन्हच काढलं.

आता ‘नावाजलेल्या साइटवर काही होत नाही’. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि बीबीसीसारख्या साइटवर दिसणाऱ्या जाहिरातींमधून मालवेअर पसरवलं गेलं. साइट खऱ्याच होत्या, जाहिराती तिसऱ्याच्या होत्या. आणि नवी मुंबईकरांना तर लांब जायलाच नको. २७ जून २०१७ ला कॉम्प्युटर कुलूपबंद करणाऱ्या ‘नॉटपेट्या’ या मालवेअरमुळे न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या, मेर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचं कामकाज ठप्प झालं. ते मालवेअर युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून सुटलं होतं. तिथून ते मेर्स्कच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये शिरलं. इथे बंदरावर कुणी काही चुकीचं दाबलं नव्हतं. अशा वेळी कामाला येतो तो बॅकअप, तोही कॉम्प्युटरपासून सुटा करून कपाटात ठेवलेला. कायम जोडलेली हार्ड डिस्कही कॉम्प्युटरसोबतच कुलूपबंद होते.

ब्राउझिंगमधली एक युक्ती २०२४ पासून फार पसरलीय, ती प्रत्येकाने ओळखायला हवी. एखादं पान उघडतं आणि ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ असं म्हणतं. खूण केली की सूचना येतात: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. तुमच्या नकळत त्या पानाने एक कमांड कॉपी करून ठेवलेली असते, आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. खरी तपासणी कधीही ब्राउझरच्या बाहेर जाऊन काही चालवायला सांगत नाही. असं दिसलं की पान बंद करा, बस्स.

‘माझ्याकडे चोरण्यासारखं काय आहे?’ ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आहेत, आणि कुकीज, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी आहेत. ‘रेडलाइन’सारखी मालवेअर दोन्ही उचलतात. तुम्ही लॉगिन केलेलंच आहे हे कुकी सांगते, त्यामुळे चोराला पुष्कळदा ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. एकदा मेलबॉक्स हाती आला की तुमच्या गिऱ्हाइकाला ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा मेल तुमच्याच पत्त्यावरून जातो. क्रॅक केलेली सॉफ्टवेअर हा अशा चोरांचा नेहमीचा दरवाजा आहे, आणि आपल्या छोट्या ऑफिसांत ती किती आहेत हे मी रोज बघतो. फोनवर हीच चोरी लग्नपत्रिका किंवा ट्रॅफिक चलान म्हणून आलेल्या एपीके फाइलमधून (म्हणजे अँड्रॉइड ॲप बसवणाऱ्या फाइलमधून) होते. पत्रिकेला तुमचे एसएमएस वाचायची परवानगी कशाला हवी? ओटीपी पळवायलाच.

राहिला अँटीव्हायरस विकण्याचा आरोप. विंडोजमध्ये डिफेंडर हा अँटीव्हायरस आधीच फुकट आहे. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साधनंही फुकट मिळतात. वर सांगितलेल्यापैकी बहुतेक गोष्टींना एक रुपया लागत नाही. विंडोज १० वापरत असाल तर मात्र लक्ष द्या: त्याचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेची नेहमीची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

क्लिक झालाच असेल तर लाजून गप्प बसू नका. आधी वाय-फाय बंद करा, केबल काढा. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, आणि सगळीकडून लॉगआउट करा, म्हणजे चोरलेली कुकी निकामी होते. पैसे गेले असतील तर लगेच बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या तासांतच जास्त असते. फोन लावताना व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम समोर लिहून ठेवा, आणि तो मेल डिलीट करू नका, तक्रारीला लागेल.