कावळ्याचा घास आणि पिंपळाचं बी

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की तो मेसेज फिरायला लागतो: वड-पिंपळाचं बी कावळ्याच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही, कावळी भाद्रपदात अंडी घालते, म्हणून तिच्या पिल्लांना सकस खाणं मिळावं यासाठी ऋषींनी श्राद्धपक्ष सुरू केला. वाचायला गोड आहे, पण खरं नाही.

आधी अंडी. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. मग कोकीळ कुहूकुहू करून रान उठवतो कधी? चैत्र-वैशाखात. पुढे घरटी लागणार असतात म्हणूनच. आपल्याकडे खेडोपाडी कावळ्यानं घरटं शेंड्याला बांधलं की मधल्या बेचक्यात, यावरून पावसाचा अंदाज बांधतात, तोही पेरणीच्या आधी. पाऊस सरत आल्यावर, भाद्रपदात, कोण घरटी बघत बसेल? पितृपक्ष येईतो बहुतेक पिल्लं उडूनही गेलेली असतात.

बियांचं थोडक्यात सांगते. पाखरांमुळे बी लांबवर पोचतं, हे खरंच. पण ही फळं साळुंकी खाते, बुलबुल, तांबट, धनेश खातात, रात्री वटवाघळं खातात. शिवाय वडाची फांदी रोवली तरी तिला मुळं फुटतात.

राहिले ऋषी. कावळ्याचा घास मुळात पंधरवड्यापुरता नव्हताच. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थानं रोजच्या वैश्वदेवानंतर (शिजलेल्या अन्नाची देवांना आहुती देण्याच्या विधीनंतर) कुत्री, समाजानं बाहेर टाकलेली माणसं, रोगी, कावळे आणि कृमी यांच्यासाठी जमिनीवर अन्न ठेवावं असं सांगितलं आहे. रोज! पितरांना पिंड देणारा वैदिक पिंडपितृयज्ञही दर अमावास्येचा. महालयाच्या, म्हणजे पितृपक्षाच्या, पंधरवड्याचं महत्त्व मोठं आहे, पण पितरांचं स्मरण आणि काकबली यांची मुळं त्याच्या पलीकडे जातात.

आणि दहाव्याचा पिंड? तो तर माणूस ज्या महिन्यात जाईल त्या महिन्यात ठेवतात. माझे आजोबा माघात गेले. घाटावर कावळे घिरट्या घालत होते, पण पिंडाला एकही शिवेना. कुणीतरी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेवढ्यात थोरले काका पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "नाना, धाकटीचं लग्न मी लावून देतो. तुम्ही जीव गुंतवू नका." थोड्या वेळानं एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. आजी पदराआड रडत होती. तिच्यासाठी नाना जेवून गेले होते.