गाव बुडालेल्यांसाठी गाडी चालवण्याचा परवाना काढण्याचा सोपा मार्ग

सरदार सरोवरात नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावे गेली. त्यांतल्या एखाद्या गावचे तुम्ही असाल, आता तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतीत राहत असाल आणि पिकअप चालवून पोट भरायचा विचार असेल, तर अभिनंदन. तुम्हाला उठवताना सरकारला तुमचे घर बरोबर सापडले होते. आता ते कुठे आहे हे तुम्ही सरकारला दाखवायचे.

आधारवर अजून अक्राणी तालुक्यातले बुडालेले गावच असेल तर राहू द्या, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. अर्ज होतो, पैसेही भरले जातात. फक्त पक्क्या परवान्याचे कार्ड स्पीड पोस्टाने त्याच पत्त्यावर निघते, आणि पोस्टमनला पोहता आले पाहिजे अशी अट टपाल खात्याने अजून घातलेली नाही. म्हणून आधी आधार बदला. सरपंचाच्या सही-शिक्क्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला चालतो. वसाहतीचा कारभार शेजारच्या ग्रामपंचायतीकडे असेल, तर वसाहत आपल्याच हद्दीत येते हे सरपंचाला पटवण्यासाठी एक दिवस राखून ठेवा. जन्मतारीख १ जून असल्यास लाजू नका. गुरुजींनी अर्ध्या वर्गाला तीच वाटली आहे. मात्र शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर ती एकच हवी, वडिलांचे नावही.

शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या देता येते. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल हवा, म्हणजे तो मोबाइल, जो भावाने सुरतेला नेला आहे. ओटीपी त्याच्याकडे येतो, तुम्ही फोन करून विचारायचा. प्रश्न १५, बरोबर ९ हवेत, एकेकाला ३० सेकंद. घरात पावरी बोलत असाल तर या ३० सेकंदांत प्रश्न वाचा, आपल्या बोलीत आणा, उत्तर शोधा आणि मराठीत परत या. या वेळात रेंज गेली तर टेकडीवर पळू नका, चेहरा कॅमेऱ्यासमोर राहायला हवा.

मुहूर्त जपून निवडा. पक्क्या परवान्याची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते आणि शिकाऊ परवाना सहा महिनेच चालतो. दसऱ्याला तो काढून ऊसतोडीला गुजरातेत गेलात आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, परतलात, की पुन्हा पहिल्यापासून: प्रत्येक वाहनप्रकाराचे १५० रुपये, वर परीक्षेचे ५०.

चाचणीला गाडी तुम्हीच आणायची, विमा आणि पीयूसीसकट. मोटारसायकलवर आठचा आकडा काढताना पाय टेकला की नापास. तोरणमाळचा घाट तुम्ही रात्री उतरता याचे तिथे काही कौतुक नाही. पुढची चाचणी ७ दिवसांनी, तिसऱ्यांदा हुकलात तर ६० दिवसांनी. चारचाकी असेल तर शिकाऊ माणसाशेजारी पक्का परवानावाला बसलेला पाहिजे, नाहीतर वाटेतच दंडाची पावती. वसाहतीत असा माणूस बहुधा एकच असतो आणि तोच प्रवासी क्रूझर जीप चालवतो. त्याचा रोज आधी ठरवून घ्या, आणि चाचणीची तारीख बाजाराच्या दिवशी घेऊ नका.