साक्षीदार न पाहता निकाल कसा फिरतो?

मारहाणीच्या खटल्यात सत्र न्यायालयाने सोडलेल्या आरोपींना उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं, त्यावर ‘वरच्या कोर्टाने साक्षीदार पाहिलेच नाहीत, मग निकाल फिरवला कसा?’ असा एका लेखाचा सूर आहे. शंका रास्त आहे. पण ती नवी नाही. १९३४ साली शिवस्वरूप खटल्यात प्रिव्ही कौन्सिलसमोर, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयासमोर, हाच प्रश्न होता. उच्च न्यायालय सगळा पुरावा नव्याने तपासू शकतं, मात्र ज्या न्यायाधीशाने साक्षीदाराला प्रत्यक्ष बोलताना पाहिलं त्याच्या मताला वजन द्यायलाच हवं, असं तिथे ठरलं. २००७ च्या चंद्रप्पा निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेच आणखी स्पष्ट केलं: सुटका झाल्यावर आरोपीच्या निर्दोषत्वाचं गृहीतक दुप्पट बळकट होतं, आणि त्याच पुराव्यातून दोन निष्कर्ष निघत असतील तर सुटका कायम ठेवायची.

म्हणून निकालपत्रात एकच गोष्ट शोधावी. खालच्या कोर्टाचं नेमकं काय चुकलं, हे उच्च न्यायालयाने सांगितलंय का? जखमी माणसाची साक्ष ‘काठी होती की दांडा’ एवढ्या फरकावरून फेकून दिली असेल, तर हस्तक्षेप योग्यच. जखमी साक्षीदार घटनास्थळी होता, याचा पुरावा त्याच्या अंगावरच असतो! नुसतं ‘आम्हाला वेगळं वाटतं’ एवढ्यावर मात्र कुणाला तुरुंगात धाडू नये.

लेखात एक महत्त्वाची गोष्ट राहिली. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातल्या २००९ च्या दुरुस्तीपासून सुटकेविरुद्ध पीडित व्यक्तीही स्वतः अपील करू शकते, सरकारची वाट बघावी लागत नाही. खेड्यापाड्यांतल्या किती जखमींना हे कुणी सांगतं?