‘आफ्टरनून टी की उपास?’ या तुमच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

लंडनला जाणाऱ्या दिवसाच्या लांब फ्लाइटमध्ये, उतरायच्या थोडं आधी तुमच्यापुढे आफ्टरनून टीचा ट्रे आला. त्यावर एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय की सँडविचच्या कडा कोरड्या होत्या, स्कोन (बनपावासारखा छोटा, बेक केलेला पदार्थ) गार होता, चहा फिका होता आणि ‘याला जेवण म्हणायचं का? हॉटेलात याच नावाखाली तीन मजली स्टँड येतो.’ तो ट्रे आमच्या फ्लाइट किचनमधून गेलेला असल्यामुळे हे उत्तर मी स्वतः लिहितोय.

आधी भुकेचं बोलू. तुमच्या लिखाणात तीच मुख्य तक्रार आहे आणि ती रास्त आहे. आफ्टरनून टी हे मुळात जेवण नव्हतंच. इंग्लंडमध्ये १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲना यांनी ही पद्धत रूढ केली असं मानतात. दुपारचं खाणं हलकं, रात्रीचं जेवण उशिरा, मधल्या वेळेत पोटात कावळे ओरडायचे, म्हणून चहा आणि ब्रेड-बटर. विमानात मात्र तो दुसऱ्या जेवणाच्या जागी येऊन बसतो. पहिलं जेवण होऊन कित्येक तास झालेले असतात. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, मग बॅगा, मग शहरात पोहोचायला आणखी वेळ. अशा वेळी माणसाला काहीतरी गरम आणि पोटभरीचं हवं असतं, आणि त्याने ते मागण्यात काहीच चूक नाही. कुठल्या फ्लाइटला काय द्यायचं हे विमान कंपनी ठरवते, बनवून आम्ही देतो. पण मेन्यू ठरवायच्या बैठकीत मी दर वेळी हेच मांडतो: लांबच्या फ्लाइटला आफ्टरनून टी ठेवायचा तर सोबत एक गरम पदार्थ द्या, सारण भरून बेक केलेला छोटा ‘पाय’ किंवा चीज टार्ट तरी. आणि दुसऱ्या वेळेला काय येणार आहे ते पहिल्या जेवणाबरोबरच मेन्यू कार्डावर छापा, म्हणजे प्रवासी त्या हिशेबाने जेवेल.

हॉटेलशी केलेली तुलना मात्र मला पटत नाही. हॉटेलात सँडविच कापल्यापासून टेबलावर यायला काही मिनिटं लागतात. आमच्याकडून निघालेलं सँडविच तुमच्यापर्यंत यायला कित्येक तास जातात, आणि तो सगळा वेळ ते थंड ठेवावंच लागतं. अंडं, चिकन, मेयोनीज असलेला पदार्थ बाहेरच्या तापमानाला ठेवायची जोखीम कुठलंही जबाबदार किचन घेणार नाही. पण ब्रेडला फ्रीजची थंडी मानवत नाही. बर्फ न होता थंड ठेवलेल्या ब्रेडमधला स्टार्च सर्वात लवकर घट्ट होतो आणि ब्रेड शिळा लागायला लागतो. त्यात या सँडविचांच्या कडा काढलेल्या असतात, म्हणजे चारही बाजू उघड्या. केबिनमधली आर्द्रता बहुतेक वेळ २० टक्क्यांच्या खाली असते. झाकण काढून ट्रे थोडा वेळ जरी ट्रॉलीवर राहिला तरी कडा वाळायला लागतात.

यावर उपाय आहेत आणि ते आम्ही करतो. लोणी स्लाइसच्या अगदी टोकापर्यंत लावायचं, मधे बोटभर जागासुद्धा कोरडी सोडायची नाही. लोण्याचा थर सारणातलं पाणी ब्रेडमध्ये उतरू देत नाही. काकडी चिरून, मीठ लावून, निथळून, मग कागदावर टिपून घ्यायची. सँडविच भरल्यावर लगेच कापायचं नाही. आधी दाबून गार करायचं, नंतर कापायचं आणि त्याच क्षणी झाकायचं. कापणाऱ्या बाईंच्या शेजारी झाकणं घेऊन दुसरी व्यक्ती उभी असते, तिला दुसरं कुठलंही काम देत नाही. एवढं करूनही हॉटेलइतका लुसलुशीत ब्रेड विमानात मिळत नाही. मऊ ब्रेडची अपेक्षा जरूर ठेवा, आत्ता कापल्यासारख्या ब्रेडची ठेवू नका.

स्कोन गार येणं ही वेगळी गोष्ट. स्कोनही थंडीत कडक होतो, पण ओव्हनमध्ये गरम केला की पुन्हा मऊ पडतो. त्यासाठीच आम्ही तो बाकीच्या ट्रेसोबत न भरता वेगळ्या फॉइलमध्ये देतो, म्हणजे गॅलीतल्या (विमानातल्या छोट्या किचनमधल्या) ओव्हनमध्ये तो एकटा गरम करता येतो. कोमट स्कोनवर क्लॉटेड क्रीम (घट्ट सायीसारखं क्रीम) जरा सैल होतं, जॅम मुरतो, आणि तिथेच या सगळ्या खटाटोपाचं सार्थक होतं. (आधी जॅम की आधी क्रीम हा वाद इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल आणि डेव्हनच्या लोकांवर सोडू या.) गरम स्कोन हा तुमचा हक्क आहे. पुन्हा कधी गार आला तर क्रूला निःसंकोच सांगा.

आता चहा. विमान कितीही उंच असलं तरी केबिनमधला दाब साधारण ६,००० ते ८,००० फुटांवरच्या हवेइतका असतो. ८,००० फुटांवर पाणी ९२ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं. नेहमीच्या काळ्या पत्तीच्या चहाला जवळपास १०० अंशांचं पाणी लागतं, त्यामुळे नेहमीइतक्या वेळात त्याचा कस उतरत नाही. म्हणून आम्ही बारीक पत्तीचा, कडक चहा निवडतो. बारीक पत्ती लवकर उतरते. पण पिशवी पाण्यात टाकल्या टाकल्या कप भरला तर तो फिकाच होणार. पाचेक मिनिटं थांबा आणि दूध शेवटी घाला. गर्दीच्या सर्व्हिसमध्ये क्रूला तेवढं थांबणं जमतंच असं नाही, पण पॉट तुमच्या ट्रेवर ठेवून जायला सांगता येतं.

चवीबद्दलही एक सांगतो. लुफ्तान्झाने जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेकडून करून घेतलेल्या अभ्यासात, केबिनच्या दाबात मीठ २० ते ३० टक्के आणि साखर १५ ते २० टक्के कमी जाणवते असं दिसलं. कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात इंजिनासारख्या आवाजाने गोडवा दबला, पण टोमॅटो, मुरलेलं चीज यांत असते ती उमामी चव उलट उठून आली. म्हणून मीठ वाढवण्यापेक्षा मुरलेलं चेडर, भाजलेला टोमॅटो, मोहरी यांवर आमचा भर असतो. नुसत्या काकडीचं सँडविच जमिनीवर सुरेख लागतं, वर ते पाणचट वाटतं. मेन्यूत ते एकटं ठेवायला माझा विरोध आहे आणि तो मी विमान कंपन्यांना सांगत आलोय.

तुमच्या फ्लाइटची तारीख, क्रमांक आणि केबिनचा वर्ग खासगी मेसेजमध्ये कळवा. प्रत्येक ट्रॉली किती वाजता भरली, कुठल्या तापमानाला बाहेर पडली याची नोंद आमच्याकडे असते. ती तपासून स्कोन फॉइलमध्ये वेगळा गेला होता की नाही ते तुम्हाला सांगतो, आणि तुमचा अभिप्राय, भुकेच्या मुद्द्यासकट, पुढच्या मेन्यू बैठकीत विमान कंपनीपुढे ठेवतो.