‘डाउनलोड म्हणजे चोरीच’ सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

गेले काही आठवडे एक संदेश वेगवेगळ्या ग्रुपांवरून माझ्याकडे फिरून फिरून येतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: परवानगीशिवाय फाइल उतरवून घेणं ही दुकानातून वस्तू उचलण्यासारखीच चोरी आहे, प्रत्येक डाउनलोडमागे निर्मात्याची एक विक्री बुडते, निर्मिती ही घराजमिनीसारखी मालमत्ता आहे आणि तिच्यावर दुसऱ्या कुणाचा काही हक्क नाही, सगळ्या साइटना अपलोडच्या वेळीच तपासणारं सॉफ्टवेअर सक्तीचं केलं की प्रश्न मिटला, आणि यात भ्यायचं काय, कर नाही त्याला डर कशाला?

मी भाषांतरं करते, त्यावरच माझं घर चालतं. माझ्या एका पुस्तकाची पीडीएफ मी स्वतः एका ग्रुपवर पाहिली आहे. पानं तिरकी स्कॅन केलेली, एका कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा, आणि खाली शे-सव्वाशे लोकांचे ‘धन्यवाद’. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हा फुकट्यांची वकिली करायला मी बसलेले नाही. पण या संदेशातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे, आणि त्याच्या जोरावर जे कायदे मागितले जातात ते शेवटी माझ्यासारख्यांच्याच मुळावर येतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘ही सरळसरळ चोरी आहे’

माझी सायकल कुणी नेली तर दुसऱ्या दिवशी मला पायी जावं लागतं. माझ्या पुस्तकाची प्रत कुणी काढली तर पुस्तक माझ्याकडे जसंच्या तसं राहतं. माझं नुकसान होत असेल, पण ते वेगळ्या जातीचं आहे आणि कायदाही त्याला वेगळं नाव देतो. १९८५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एल्विस प्रेस्लीच्या गाण्यांच्या बेकायदा रेकॉर्डी टपालाने विकणाऱ्या माणसाचा खटला आला. चोरीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेल्याचं कलमही त्याला लावलं होतं. त्या कलमाखालची शिक्षा न्यायालयाने रद्द केली. कॉपीराइटचा भंग करणारा मूळ वस्तू कुणाच्या ताब्यातून काढून घेत नाही, म्हणून या रेकॉर्डींना चोरीचा माल म्हणता येत नाही, असं त्याचं कारण होतं. माणूस निर्दोष सुटला असं नाही, इतर कलमांखालची शिक्षा राहिलीच. गुन्हा घडला होता, फक्त तो चोरीचा नव्हता.

शब्दावरून एवढं का भांडायचं, असं कुणी विचारेल. मला त्या प्रश्नावर ॲरन स्वार्ट्झ आठवतो. साइटवरचा नवा मजकूर वाचकांपर्यंत आपोआप पोचवणाऱ्या आरएसएस या तंत्राच्या एका आवृत्तीच्या रचनेत चौदाव्या वर्षी हात असलेला हा मुलगा. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या नेटवर्कला, तारांच्या खोलीत, लॅपटॉप जोडून त्याने जेस्टोर या संग्रहातले लाखो शोधनिबंध उतरवून घेतले. जेस्टोरने त्याच्याशी समझोता केला आणि आपल्याला खटल्यात रस नसल्याचं सांगितलं. तरीही जुलै २०११ मध्ये सरकारी वकिलांनी आरोपपत्र ठेवलं आणि जाहीर केलं की चोरी ती चोरीच, मग ती संगणकाच्या आज्ञेने करा की पहारीने. त्याच पत्रकात ३५ वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाचा उल्लेख होता. आता त्या आरोपपत्रातली कलमं बघा. फसवणूक, संगणकात विनापरवाना प्रवेश, अशी. चोरीचं कलम त्यात नव्हतं, कॉपीराइटभंगाचंही नव्हतं. पण लोकांच्या मनात ‘पहार’ राहिली. ११ जानेवारी २०१३ रोजी, खटल्याची सुनावणी सुरू होण्याआधीच, त्याने स्वतःला संपवलं. तो २६ वर्षांचा होता. त्याच्या मृत्यूचं एकच कारण मी सांगणार नाही, तो अधिकार मला नाही. पण वाचण्यासाठी लिहिलेल्या निबंधांची प्रत काढणाऱ्याला दरोडेखोराच्या रांगेत बसवायला ‘चोरी’ हा एक शब्द कसा पुरतो, ते या प्रकरणात स्वच्छ दिसतं.

‘प्रत्येक डाउनलोड म्हणजे एक बुडालेली विक्री’

माझ्या पुस्तकाला ‘धन्यवाद’ म्हणणारे ते शे-सव्वाशे लोक मी एकेक करून पाहिले. त्यातल्या काहींनी पुस्तक नक्की विकत घेतलं असतं. बऱ्याच जणांनी त्या दिवशी दुसऱ्या तीस पुस्तकांनाही धन्यवाद दिले होते. ती सगळी पुस्तकं ते विकत घेणार होते असं मानायला माझं मन धजत नाही.

हा नुसता माझा अंदाज राहू नये म्हणून युरोपियन कमिशनने स्वतः करवून घेतलेला अभ्यास सांगते. २०१५ मध्ये तो तयार झाला, तीनशेहून जास्त पानांचा. मग तो दोन वर्षं तसाच पडून होता. युरोपीय संसदेतल्या एका सदस्याने माहितीच्या अधिकारात मागितला तेव्हा २०१७ मध्ये लोकांसमोर आला. त्यात काय होतं? नव्या गाजलेल्या चित्रपटांच्या बाबतीत विक्री घटल्याचा पुरावा सापडला: असे दहा चित्रपट बेकायदा पाहिले गेले की रीतसर पाहिले जाणारे साधारण चार कमी होतात. संगीत, पुस्तकं आणि संगणकावरचे खेळ यांच्या बाबतीत विक्री बुडते असा ठोस सांख्यिकी पुरावा मिळाला नाही. पुरावा मिळाला नाही म्हणजे परिणामच नाही असं नव्हे, हेही त्या अहवालात लिहिलेलं आहे आणि मी ते लपवणार नाही. पण ‘दहाला दहा’ हे गणित कुठेच बसत नाही, सर्वात जास्त नुकसान झालेल्या ठिकाणीसुद्धा नाही.

हेच खोटं गणित कोर्टात गेलं की काय होतं? अमेरिकेत एका बाईवर २४ गाणी शेअर केल्याचा दावा झाला. ज्यूरींनी एकदा भरपाई दोन लाख २२ हजार डॉलर ठरवली, फेरसुनावणीत १९ लाख २० हजार, आणि २०१२ मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा दोन लाख २२ हजार कायम केले. म्हणजे एका गाण्यामागे ९,२५० डॉलर, आणि तेव्हा ऑनलाइन दुकानात एक गाणं साधारण एका डॉलरला मिळत होतं. हे आकडे शक्य झाले, कारण त्या कायद्यात प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करावंच लागत नाही. एका कलाकृतीमागे किमान ते कमाल रकमेचा पट्टा ठरवून दिलेला आहे.

आणि धंदा बुडाला का? लोकांना एकमेकांच्या संगणकावरची गाणी उतरवून घेऊ देणारं नॅपस्टर १९९९ मध्ये आलं, २००१ मध्ये कोर्टाच्या आदेशामुळे बंद पडलं, तरी फाइल वाटणं थांबलं नाही. उलट त्याच वर्षी बिटटोरंट आलं. त्यात फाइलचे लहान लहान तुकडे होतात आणि जो उतरवून घेतो तोच आपल्याकडचा तुकडा पुढच्याला देत राहतो, त्यामुळे बंद करायला मधला एक सर्व्हरच उरत नाही. (हेच तंत्र लिनक्स या मोफत संगणकप्रणालीच्या मोठ्या फाइली अगदी रीतसर वाटायलाही रोज वापरलं जातं.) जगभरातल्या ध्वनिमुद्रित संगीताची कमाई २०१४ पर्यंत घसरत गेली हे खरं आहे. २०१५ पासून ती चढू लागली ती खटल्यांमुळे नव्हे. लोकांना वाजवी पैशात, एका जागी, हवं ते गाणं लगेच ऐकता येऊ लागलं म्हणून. त्यातला कलाकारांचा वाटा फार तुटपुंजा आहे, आणि तिथे भांडण जरूर व्हायला हवं. पण ते भांडण कंपन्यांशी आहे, ऐकणाऱ्यांशी नाही.

‘निर्मिती ही घराजमिनीसारखी मालमत्ता आहे’

या वाक्याने सर्वात जास्त नुकसान केलं आहे असं मला वाटतं, म्हणून इथे जरा थांबते.

जमीन पिढ्यान्‌पिढ्या राहते. कॉपीराइट जन्माला आला तोच मुदत घेऊन. ब्रिटनमधल्या १७१० च्या कायद्याने लेखकाला १४ वर्षं दिली, आणि तेवढ्या काळानंतर तो हयात असला तर आणखी १४. त्या कायद्याचं नावच विद्येला उत्तेजन देणारा कायदा असं होतं. लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांनी पुढे दावा केला की हा हक्क कायमचा आहे, जमिनीसारखा. १७७४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तो फेटाळला. म्हणजे आज फिरणाऱ्या या संदेशातला दावा अडीचशे वर्षांपूर्वी करून झाला आहे आणि हरलाही आहे. तो सौदा होता, दोन बाजूंचा: काही वर्षं लिहिणाऱ्याला एकट्याला कमाई करू द्यायची, मग ते लेखन सगळ्यांचं. ‘मालमत्ता’ म्हटलं की त्यातली दुसरी बाजू, वाचणारी, अलगद पुसली जाते.

मुदत मात्र वाढत गेली. कॉपीराइटविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार आता लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं, बऱ्याच देशांत ७०. अमेरिकेने १९९८ मध्ये मुदत २० वर्षांनी वाढवली, जुन्या लेखनालाही लागू केली, आणि त्यामुळे प्रकाशित झालेलं जुनं काही मुदत संपून लोकांच्या हाती येणं २०१९ च्या १ जानेवारीपर्यंत जवळजवळ थांबलं. मेलेल्या लेखकाला आणखी लिहायला उत्तेजन कसं देणार?

याची झळ मला बसली आहे. एका आठवणींच्या पुस्तकाचं भाषांतर करायचं माझ्या मनात होतं. लेखिका जाऊन तीस वर्षं झाली. प्रकाशनसंस्था बंद. पुस्तक कुठल्याच दुकानात नाही. वारसांचे दोन पत्ते मिळाले, दोन्ही पत्रं परत आली, एकावर नुसतं ‘येथे राहत नाहीत’. परवानगी नाकारायलासुद्धा कुणी नाही, आणि परवानगीशिवाय छापायला कुठलाही प्रकाशक तयार नाही. पहिल्या तीन प्रकरणांचं भाषांतर फाइलीत बांधून ठेवलेलं आहे. अशा बेवारस पुस्तकांनी ग्रंथालयांची कपाटं भरलेली आहेत. मालमत्ता, मालमत्ता म्हणत आपण त्यांना कुलूप लावलं आणि किल्ली कुणाकडे आहे तेच विसरलो.

गंमत म्हणजे, जिथे वाचकाने खरंच पैसे मोजले तिथे मालमत्तेची भाषा गायब होते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडल या पुस्तकं वाचायच्या उपकरणावरून जॉर्ज ऑरवेलची विकत घेतलेली दोन पुस्तकं दुरूनच पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत केले, नंतर माफीही मागितली. पण घरात शिरून कपाटातलं पुस्तक कुणी नेत नाही. तुम्ही पुस्तक घेतलं असं तुम्हाला वाटतं, करारात मात्र फक्त वाचण्याचा परवाना असतो.

‘तपासणारं सॉफ्टवेअर सक्तीचं करा, प्रश्न मिटला’

सॉफ्टवेअर आवाज जुळवतं, चित्र जुळवतं. टीका आहे की नक्कल, उतारा आहे की अख्खी चोरटी प्रत, मुदत संपली की नाही, हे त्याला कळत नाही. २०१८ मध्ये जेम्स ऱ्होड्स या पियानोवादकाने स्वतः वाजवलेल्या, बाख या जुन्या संगीतकाराच्या रचनेचा व्हिडिओ फेसबुकवर टाकला, तर त्यातली ४७ सेकंदं आपल्या मालकीची असल्याचा दावा सोनी म्युझिकच्या नावे आला. बाख १७५० मध्ये वारला. ऑगस्ट २०१२ मध्ये नासाचं यान मंगळावर उतरलं, आणि नासाच्याच चॅनेलवरचा तो व्हिडिओ एका वृत्तसंस्थेच्या दाव्यावरून काही काळ यूट्यूबवरून उतरवला गेला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

हे अपवाद आहेत, असं उत्तर येतं. यूट्यूबनेच जाहीर केलेले आकडे आहेत: २०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांत ७२ कोटींहून जास्त आपोआप झालेले दावे, त्यातल्या एक टक्क्याहूनही कमी दाव्यांना आव्हान दिलं गेलं. पण जिथे दिलं गेलं तिथे सुमारे ६० टक्के निकाल अपलोड करणाऱ्याच्या बाजूने लागले. म्हणजे सहा महिन्यांत २० लाखांहून जास्त चुकीचे दावे, आणि हे फक्त बोलण्याची हिंमत केलेल्यांचे. बाकीचे गप्प बसले, त्यांच्यातले किती खरे दोषी आणि किती घाबरलेले, ते कोणतं सॉफ्टवेअर सांगणार?

युरोपच्या न्यायालयाने २०११ मध्येच म्हटलं होतं की इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीवर सरसकट सगळं गाळून काढण्याची सक्ती करता येत नाही. त्यात तिच्या धंद्याच्या स्वातंत्र्यावरच नव्हे, तर ग्राहकांच्या खासगीपणावर आणि माहिती मिळवण्याच्या हक्कावरही गदा येते. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १८ जानेवारी २०१२ रोजी, इंग्रजी विकिपीडिया निषेध म्हणून चोवीस तास काळा पडला. बेकायदा प्रती वाटणाऱ्या साइट अडवण्यासाठी अमेरिकेत येऊ घातलेले ‘सोपा’ आणि ‘पिपा’ हे कायदे त्याचं कारण. दोनच दिवसांत दोन्ही विधेयकं बाजूला ठेवावी लागली. त्या विरोधातला एक पुढचा आवाज स्वार्ट्झचा होता. त्याच्यावरचा खटला तेव्हा चालूच होता.

‘कर नाही त्याला डर कशाला’

२००७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत एका आईने आपल्या बाळाचा व्हिडिओ नातेवाइकांना दिसावा म्हणून यूट्यूबवर टाकला. स्वयंपाकघर, ढकलायची खेळण्याची गाडी, आणि पाठीमागे वाजणाऱ्या, प्रिन्स या गायकाच्या गाण्यावर गुडघे वाकवून डुलणारं बाळ. सगळा मिळून २९ सेकंदांचा. आवाज इतका खरखरीत की गाणं ओळखायला कान द्यावा लागतो. जूनमध्ये युनिव्हर्सल या संगीत कंपनीच्या नोटिशीवरून तो काढला गेला. तिने हरकत घेतली, काही आठवड्यांनी व्हिडिओ परत आला, पण ती तिथे थांबली नाही, कोर्टात गेली. नोटीस पाठवण्याआधी तो वापर कायद्यात बसणारा आहे का याचा विचार हक्कधारकाने करायलाच हवा, असा निकाल अपील न्यायालयाने दिला, तेव्हा २०१५ साल उजाडलं होतं. प्रकरण तडजोडीने मिटलं २०१८ मध्ये. तिच्यामागे डिजिटल हक्कांसाठी लढणारी संस्था आणि तिचे वकील उभे होते, म्हणून ती अकरा वर्षं टिकली. गाडीला धरून डुलणारं ते बाळ तोवर बारा वर्षांच्या आसपास पोचलं होतं.